सभागृह जुन्याच गाण्यांना का भरतं?

प्रश्न नाशिकच्या एका तरुण संगीतकारांनी विचारला आहे. थोडक्यात तो असा: चार वर्षांत त्यांनी अकरा मराठी गाणी केली, जाणत्या मंडळींनी ती वाखाणली. पण फक्त नव्या गाण्यांचा कार्यक्रम लावला तेव्हा जेमतेम साठ माणसं आली. त्याच सभागृहात, त्याच महिन्यात, जुन्या भावगीतांचा कार्यक्रम हाउसफुल्ल होता. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी सत्तर टक्के संगीत जुनं असतं, असंही त्यांच्या वाचनात आलं. मग जुनी गाणी नव्यांना डोकं वर काढू देत नाहीत का? की श्रोत्यांना नवं नकोच आहे?

मी १९९१पासून वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो, गेली वीसेक वर्षं संगीत संयोजनही करतो. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांवर माझं घर उभं राहिलं. आणि नव्या संगीतकाराच्या चालीला वाद्यमेळ बांधून देताना जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी लागतो. उत्तर जरा लांबेल.

आधी तो सत्तर टक्क्यांचा आकडा बाजूला करू. आकडा खरा आहे, २०२१ सालचा आहे. पण तिथल्या संगीत व्यवसायात प्रकाशित होऊन अठरा महिने उलटले की गाणं 'जुनं' धरतात. २०२४च्या फेब्रुवारीत आलेलं 'गुलाबी साडी' त्या हिशेबाने २०२५च्या ऑगस्टात जुनं झालं. तुम्ही ज्या जुन्या गाण्यांबद्दल विचारताय ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीची आहेत. तो आकडा त्यांच्याबद्दल फारसं काही सांगत नाही.

जुनं म्हणजे नेमकं काय, हे मला ठाण्यातल्या एका कार्यक्रमात कळलं. ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघाचा वर्धापनदिन होता. कार्यक्रम ठरवणारे काका सत्तरी ओलांडलेले, अतिशय नेटके. अट एकच होती: १९७५च्या पुढचं एकही गाणं घ्यायचं नाही. यादी त्यांनीच दिली, फुलस्केप कागदावर, सुवाच्य अक्षरात, बावीस गाणी. कागद हातात घेतला आणि पहिलीच ओळ वाचून थांबलो. पहिलं गाणं होतं 'सूर निरागस हो'.

'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७चं, संगीत अभिषेकीबुवांचं. त्यावरचा चित्रपट २०१५चा. नाटकातली पदं चित्रपटात घेतलीच, शिवाय शंकर-एहसान-लॉय यांनी काही नव्या चाली केल्या. 'सूर निरागस हो' ही त्यांतली. म्हणजे त्या दिवशी गाणं चारेक वर्षांचं होतं. काकांना मी आधी काही बोललो नाही. कार्यक्रम झाल्यावर विंगेत चहा घेताना सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, पण आमच्या संघात प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात यानेच होते. आम्हाला पाठ आहे ते."

हे वाक्य मी तेव्हापासून मनात धरून आहे. कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ते गाणं कामाला लागलं होतं. कार्यक्रमाची सुरुवात गणेशवंदनेने करायची असते. शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीचा गणपती असो, वर्धापनदिन असो, पहिलं गाणं लागतंच. त्या जागेवर हे गाणं बसलं, वर्षातून वीस-पंचवीस वेळा कानावर पडलं, आणि चार वर्षांत जुनं झालं. जुनं याचा अर्थ एवढाच की आपलं झालं, पाठ झालं, पहिली ओळ आली की पुढची ओठांवर यायला लागली.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. जुनी गाणी नव्यांची वाट अडवत नाहीत. ज्या गाण्याला काही काम आहे, ते नवं असलं तरी लोक घेतात. किंबहुना नवंच मागतात. भावगीताचं काम करण्याचं ठिकाण गेलं आहे. म्हणून जुनं भावगीत आठवणींवर जगतं आणि नव्याला रुजायला माती मिळत नाही.

काम असलेलं गाणं कसं चालतं ते जवळून बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कल्याण-उल्हासनगरकडच्या एखाद्या छोट्या स्टुडिओत जाऊन बसा. १४ एप्रिल जवळ आलेली असते. मी अशा कितीतरी सत्रांना वाजवलं आहे. सकाळी दहाला पहिलं गाणं, रात्री अकरापर्यंत चार गाणी उरकायची. ढोलकीवाला उभ्यानेच वडापाव खातोय, कवी कोपऱ्यात बसून तिसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ बदलतोय, कोरसच्या बायका ध्रुवपद इतक्या जोरात उचलतात की रेकॉर्डिस्टला आवाज खाली घ्यावा लागतो. आणि प्रत्येक निर्मात्याचं एकच सांगणं: यंदा नवीन पाहिजे. गेल्या वर्षीचं गाणं यंदा मिरवणुकीत वाजलं तर पोरं नाराज होतात.

तिथे जुन्यांचा मान कमी आहे का? मुळीच नाही. वामनदादा कर्डक तुमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. ते २००४ साली गेले. आजही भीमजयंतीच्या मंचावर वामनदादांचं गाणं झाल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज अजून तितकाच घुमतो. त्याच मंचावर, त्याच रात्री, चार दिवसांपूर्वी निघालेलं गाणंही वाजतं आणि लोक ते दुसऱ्या कडव्यापासून म्हणायला लागतात. जुनं आणि नवं तिथे मांडीला मांडी लावून बसतं. तिथे कोणी विचारत नाही की जुन्याने नव्याला झाकोळलं का. कारण तो समाज फक्त गाणं ऐकत बसत नाही, गातो. दर वर्षी सांगण्यासारखं नवं काही असतं, म्हणून गाणंही नवं लागतं.

कोळीगीतांचं तेच. हळदीला, नारळी पौर्णिमेला नवीन गाणं यायलाच हवं. गणपतीच्या आधी महिनाभर नव्या गाण्यांचा पाऊस पडतो. लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' आलं ते २०१६ साली, चार-सहा महिन्यांत गावागावात पोचलं, आणि आता त्याच्याशिवाय वरात हलत नाही. ते ज्यातलं, त्या 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. इतकी मेहनत, आणि त्या गाण्याला काम मिळालं ते रस्त्यावर नाचायचं. मला यात काहीही कमीपणाचं वाटत नाही. गाण्याला काम मिळणं हे भाग्यच आहे.

तुमच्यासारखी मंडळी 'नव्या संगीताला श्रोते नाहीत' म्हणतात तेव्हा ही सगळी गाणी हिशेबात धरलेलीच नसतात. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड हा तरुण 'गुलाबी साडी'सारखं गाणं स्वतः लिहितो, गातो आणि ते देशभर नाचलं जातं, ही नव्या मराठी गाण्याचीच गोष्ट आहे. तेव्हा श्रोत्यांना नवं नको, असं म्हणू नका. त्यांना निवांत बसून ऐकायचं नवं भावगीत मिळत नाही, किंवा मिळालं तरी मुरत नाही, इतकंच खरं आहे.

आता भावगीताकडे येतो, कारण तुमचं दुखणं तिथलं आहे.

भावगीताचं कामाचं ठिकाण रेडिओ होतं. सकाळी घरात स्टोव्ह पेटलाय, कोणाची आंघोळ चाललीय, डबे भरले जातायत, आणि कोपऱ्यात रेडिओ. गाणं कोणी निवडलेलं नसायचं. ते लागायचं आणि कानावर पडायचं. आवडलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा पडायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला आई पोळ्या लाटता लाटता मुखडा गुणगुणायची, आणि मग ते त्या घराचं गाणं व्हायचं.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. आज ते आपल्याला अगदी प्राचीन वाटतं, पण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं तेव्हा ते कोरं करकरीत नवं होतं. गदिमांनी आठवड्याला एक गीत लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, असं वर्षभर चाललं. छप्पन्न गीतं झाली. कथा लोकांना हजारो वर्षांची पाठ, शब्द आणि स्वर मात्र ताजे. आणि प्रसारणाची पद्धत बघा: नवीन गीत शुक्रवारी सकाळी, तेच पुन्हा शनिवारी, तेच पुन्हा रविवारी. तीन दिवस ओळीने एकच गाणं, ठरल्या वेळेला, सगळ्या शहराला एकदम. पुण्याची वर्तमानपत्रं त्याचे शब्द छापायला लागली. म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत माणसाने ते तीनदा ऐकलेलं असायचं आणि शब्द कात्रण करून जपलेले असायचे. असं भाग्य आज तुमच्या कुठल्या गाण्याला मिळतं? गदिमा आणि बाबूजी हे थोर होतेच, त्यात वाद नाही. पण त्या थोरवीला रुजायला शुक्रवार-शनिवार-रविवार मिळाले, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. त्याच काळात दिल्लीत माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. चित्रपटगीतं हलकी, अभिरुची बिघडवणारी, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५२मध्ये तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढावी लागली. आज ज्याला आपण हिंदी संगीताचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातली कितीतरी गाणी याच पाच वर्षांतली, जेव्हा ती 'नव्या पिढीची बिघडलेली गाणी' होती. म्हणून कोणी तुमच्या गाण्याला नाकं मुरडली तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गाण्याला सिलोन कुठे मिळेल, याचा विचार करा.

रेडिओची ती जागा गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्यात माणूस स्वतः गाणं निवडतो. हा फरक फार मोठा आहे. निवडायची वेळ आली की माणूस ओळखीचं निवडतो. दमून घरी आलेल्या माणसाने अनोळखी गाण्यावर पाच मिनिटं का घालवावीत? मोबाइलवरचं ॲपही तेच करतं: तुम्ही काल काय ऐकलं ते बघून आज तसंच पुढे करतं. ज्याने शंभर वेळा जुनं ऐकलं त्याला एकशे एकावं जुनंच मिळणार. २०१७ साली आलेल्या 'कारवान' या सारेगामाच्या रेडिओसारख्या पेटीत पाच हजार गाणी आधीच भरलेली होती. त्या पेटीने कितीतरी आजी-आजोबांच्या संध्याकाळी आनंदाच्या केल्या, माझ्या आईच्याही. पण भरलेल्या पेटीत नवीन गाणं शिरणार कुठून?

कंपन्यांच्या बाजूनेही गणित सरळ आहे. जुन्या गाण्याचा खर्च पन्नास वर्षांपूर्वीच वसूल झाला. गायकाचं, वादकांचं मानधन तेव्हाच देऊन झालं, बहुतेकांना एकदाच मिळालं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कोणाला लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात आली ती २०१२ साली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. १९६४ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२४च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवी आणि संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं चालतो, म्हणून 'जुनं आहे, फुकट आहे' असं समजून कोणी कार्यक्रमाचं लायसन्स टाळू नये. सांगायचा मुद्दा असा की कंपनीला जुन्या गाण्यात धोका नाही, नव्यात आहे. तुमच्या गाण्याला तर स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय ध्वनिमुद्रणाचा एक पैसाही मिळत नाही. २०२४पासून तसा नियमच आहे.

सभागृहातलं गणितही असंच. भाडं, ध्वनियंत्रणा, नऊ-दहा साथीदार, निवेदिका, जाहिरात, हे सगळं आयोजकाच्या खिशातून जातं. त्याला चारशे खुर्च्या भराव्या लागतात. म्हणून तो जुनी यादी मागतो. तो खलनायक नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

या यादीबद्दल एक सांगायलाच हवं. माझ्या फायलींमध्ये साडेसहाशेच्या आसपास गाण्यांचं नोटेशन आहे. तीस-पस्तीस वर्षांत जमवलेलं, काही पानं पिवळी पडलेली, काहींवर पेन्सिलीने पट्ट्या खोडून पुन्हा लिहिलेल्या. त्यातली फर्माइश होते ती शंभरेक गाण्यांची. बाकीची साडेपाचशे मी वर्षानुवर्षं उघडलेलीसुद्धा नाहीत. त्यात दिग्गजांची गाणी आहेत, उत्तम गाणी आहेत, आणि काही अगदी सुमारही आहेत. म्हणजे जुन्यातलंही पंच्याऐंशी टक्के जुनं लोकांना नकोच आहे. 'तेव्हाची सगळीच गाणी चांगली होती' असं जे म्हणतात त्यांनी ती साडेपाचशे ऐकलेली नाहीत. तुमच्या अकरा गाण्यांची तुलना त्या गाळून उरलेल्या शंभरांशी होते, हा तुमच्यावरचा अन्याय आहे. पण तो काळाचा आहे, जुन्या गाण्यांचा नाही.

ऐकणाऱ्याच्या वयाचाही भाग असतो. पंधरा ते पंचविशीत कानात गेलेलं गाणं माणसाला जन्मभर सोबत करतं. साठीतल्यांना जी गाणी जुनी म्हणून हवी असतात ती त्यांच्या कॉलेजातली. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना वाजवायला गेलो की हे स्पष्ट दिसतं: जो माणूस ज्या वर्षी देश सोडून गेला, त्या वर्षाशी त्याची फर्माइश थांबलेली असते. आणि हल्ली कॉर्पोरेट कार्यक्रमांत चाळिशीतली मंडळी 'जुनं काहीतरी घ्या ना' म्हणून 'ऐका दाजिबा' मागतात. ते २००२ सालचं आहे. म्हणजे जुन्याची रेघ सरकतेच आहे. प्रश्न एवढाच की २०४५ साली 'जुनं' म्हणून मागायला आजचं भावगीत असेल का.

आता थोडं कडू बोलतो. तुमच्याविषयीच्या आपुलकीने बोलतो, कारण ही चूक मी स्वतःच्या संयोजनातही केली आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणात सगळे वादक एका हॉलमध्ये एकाच वेळी वाजवायचे. मोजके माइक. चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे गायकाची ओळ चालू असताना वाद्यांनी गप्प बसायचं आणि ओळ संपली की उत्तर द्यायचं, ही शिस्त आपोआप होती. हिंदीत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याहून आलेल्या कलाकारांनी पाश्चात्त्य स्वरलेखनाची तालीम आणली. मराठीत अनिल मोहिले, प्रभाकर जोग यांच्यासारख्यांनी ती जाण आपल्या चालींना चपखल बसवली. जोगांचं व्हायोलिन ऐका. गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागेत ते तीनच स्वर ठेवतात, पण ते तीन स्वर पुढच्या ओळीचं बोट धरून तिला आत आणतात. सभागृहात टाळी कधी पडते माहीत आहे का? गायकाने तोंड उघडण्याआधी. सुरुवातीच्या वाद्यखंडाचे पहिले चार-पाच स्वर वाजले की लोक ओळखतात. तो वाद्यखंडसुद्धा लोकांना पाठ असतो, गाण्याइतकाच.

आजचं गाणं पुष्कळदा एका खोलीत, एकट्याने, संगणकावर होतं. त्यात वाईट काही नाही. चांगली साधनं आहेत. पण सुरुवातीला पॅडचा एक लांबलचक धुकट स्वर, त्यावर पियानोचे चार सुटे सूर, आणि तेच तसंच्या तसं शेकडो गाण्यांत. त्यातून गाणं ओळखायचं कसं? गायकाच्या आवाजाभोवती इतकं काही भरलेलं असतं की शब्द बुडतात. आणि भावगीतात शब्द बुडाले की सगळंच बुडालं. गायक पुण्यात गातो, बासरीवाला मुंबईहून फाइल पाठवतो, दोघांची गाठही पडत नाही. बासरी सुरेल असते, पण ती त्या गायकाच्या श्वासाला उत्तर देत नाही. ऐकणाऱ्याला हे सांगता येणार नाही; त्याला फक्त 'काहीतरी लागत नाही' असं वाटतं.

चाल सोपी करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. खळेकाकांच्या चाली गायला घ्या, घाम फुटतो. पण ऐकणाऱ्याला त्या अवघड वाटत नाहीत, तो पहिल्यांदाच ऐकताना सोबत वाहत जातो. मुखडा इतका स्पष्ट असतो की बाकीचं नाही जमलं तरी माणूस तेवढा घरी घेऊन जातो. तुमच्या अकरा गाण्यांपैकी कोणत्या गाण्याचा मुखडा असा घरी नेता येईल, हे घरातल्या एखाद्या न गाणाऱ्या माणसाला विचारा. तो बरोबर सांगेल.

जुन्या गाण्यांमुळे नव्यांचं काहीच नुकसान होत नाही, असंही मी म्हणत नाही. एक नुकसान मी डोळ्यांनी पाहतो. गायनस्पर्धांमधून विलक्षण गळ्याची मुलं पुढे येतात. २००८-०९च्या लिटल चॅम्प्सनी तर जुनी गाणी पुन्हा घराघरात पोचवली, शाळकरी पोरं नाट्यपदं म्हणायला लागली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्यानंतर अशी कितीतरी मुलं पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांचीच गाणी गात राहतात. दर कार्यक्रमात मूळ गायिकेशी तुलना. आणि तुलनेत मूळ गाणंच जिंकणार, कारण लोकांच्या आठवणी त्या आवाजाला चिकटलेल्या असतात. मोठ्या गायकांना त्यांच्या ऐन उमेदीत स्वतःची गाणी मिळाली, म्हणून ते मोठे झाले. आज पंचविशीतल्या गुणी गायिकेला स्वतःच्या नावाची चार गाणीही मिळत नाहीत, आणि तिच्याकडे ती मागितलीही जात नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही जबाबदारी तुमच्या-माझ्यासारख्यांची आहे. तिला गाणं द्यायला हवं.

मग करायचं काय? मी जे करून पाहिलं ते सांगतो.

फक्त नव्या गाण्यांचा कार्यक्रम लावू नका. ऐकणाऱ्याला सलग अकरा अनोळखी गाणी पेलत नाहीत, कितीही चांगली असली तरी. २००३ साली 'आयुष्यावर बोलू काही' सुरू झालं तेव्हा सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी नवी गाणी लोकांच्या गळी उतरवली हे खरं. पण ते गाण्यांबरोबर बोलत होते, कविता वाचत होते, गाणं यायच्या आधी त्याची ओळख करून देत होते. आणि प्रयोगामागून प्रयोग करत राहिले. माणसं पुन्हा पुन्हा आली, ओळख वाढत गेली. ते त्यांचं शुक्रवार-शनिवार-रविवार होतं.

तुमच्या हाताशी एवढं नसेल तर जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शिरा. आम्ही एका संगीतकार मित्राचं पावसाचं गाणं असंच लावलं. आयोजकाला सांगितलं, बावीसमधलं एक गाणं माझ्या पसंतीचं, पडलं तर माझ्यावर. पहिल्या कार्यक्रमात, मला अजून आठवतंय, गाणं सुरू होताच तिसऱ्या रांगेत मोबाइल उजळले. दोन-तीन जण चहाला उठले. टाळी पडली ती सभ्यपणाची. दुसऱ्या कार्यक्रमात मी एक बदल केला. निवेदिका मध्यंतरानंतर बोलायला उभी राहते तेव्हा मागे हळू काहीतरी वाजत असतं. तिथे मी त्या गाण्याचा मुखडा बासरीवर ठेवला. लोकांना कळलंही नाही. दहा मिनिटांनी तेच गाणं म्हणून आलं तेव्हा ते त्यांच्या कानाला अगदीच परकं नव्हतं. तिसऱ्या कार्यक्रमापासून गायिकेने मुखडा दोनदा म्हणून दाखवायला आणि तिसऱ्यांदा लोकांना सोबत घ्यायला सुरुवात केली. त्या पावसाळ्यात आठ कार्यक्रम झाले, बहुतेक डोंबिवली-ठाण्यातले, पुष्कळ श्रोते तेच तेच. आठव्या कार्यक्रमानंतर मी पार्किंगमध्ये गाडीत कीबोर्ड ठेवत होतो. शेजारी एक काकू स्कूटरवर मागे बसता बसता ते गाणं गुणगुणत होत्या. दुसरी ओळ चुकत होती, चाल मात्र बरोबर. मी पेटी बंद केली आणि त्या गेटबाहेर जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

जागेचंही महत्त्व आहे. नवं गाणं सुरुवातीला ठेवू नका, लोक स्थिरस्थावर होत असतात. शेवटी तर नकोच, त्यांचं मन बसच्या वेळेकडे लागलेलं असतं. मध्यंतरानंतर तिसरं ठेवा. त्याआधी सगळ्यांच्या ओळखीचं आणि संथ गाणं हवं, नंतर लगेच ठेक्याचं. पट्टी आधीच्या गाण्याचीच असेल तर उत्तम, कान तिथे लागलेला असतो. वर्षभर एकच गाणं चालवा, दर कार्यक्रमाला नवं देऊ नका. अकरातलं कोणतं ते मात्र तुम्ही ठरवू नका, साथीदारांना ठरवू द्या; तालमीत कोणत्या गाण्याला ढोलकीवाला न सांगता मान डोलावतो ते बघा.

आणि गाण्याला काम शोधून द्या. शाळेच्या परिपाठाला, वाढदिवसाला, मुलगी सासरी निघते त्या वेळेला, निवृत्तीच्या निरोपसमारंभाला आपल्याकडे अजून दोन-तीनच गाणी आहेत, आणि तीच वाजतात. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिका दहावीच्या निरोपसमारंभासाठी गाणं शोधत होत्या, त्यांना मिळालं नाही. शेवटी त्यांनी ट्रॅकवर हिंदी गाणं म्हणवून घेतलं. दर वर्षी राज्यातल्या हजारो शाळांत तो समारंभ होतो. तिथे एक सुंदर मराठी गाणं बसलं, तर ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या कानात जाईल, नेमक्या त्या वयात, ज्या वयातलं गाणं माणूस विसरत नाही.

शब्द छापून खुर्चीवर ठेवायला विसरू नका. मुखडा आणि दोन अंतरे, एका बाजूला. अक्षर मोठं घ्या, सभागृहात दिवे मंद असतात आणि पुष्कळांचे चश्मे घरी राहिलेले असतात.